धंदा वाढवायचा असेल तर आधी शटर ओढा

आपले दुकान नवे आहे, गिऱ्हाईक तुरळक येते आणि आलेले गिऱ्हाईक भाव विचारून पुढच्या दुकानात जाते, अशी आपली तक्रार असेल तर दोष आपलाच आहे, कारण आपण दिवसभर दुकानात बसून असता. दुकानात बसून मोठा झालेला एक तरी माणूस आपण कधी व्यासपीठावर पाहिला आहे काय? धंदा वाढतो तो कार्यक्रमांना हजेरी लावल्याने, ओळखी वाढवल्याने आणि समाजकार्यात पुढे पुढे केल्याने. पुण्याच्या पेठेत माझा लहानसा छापखाना आहे. व्हिजिटिंग कार्डे, पावतीपुस्तके, निमंत्रणपत्रिका आणि मंडळांचे अहवाल मी छापतो. म्हणजे आपण ज्या रस्त्याने पुढे जाणार आहात त्यावरचा टोलनाका माझाच आहे, तेव्हा माझा सल्ला निःपक्षपाती मानायला हरकत नसावी.

सुरुवात सकाळच्या बैठकीपासून करावी. आठवड्यातल्या एका ठरलेल्या वारी, सकाळी सातला, हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये जमून एकमेकांना गिऱ्हाइके मिळवून द्यायची, ही पद्धत १९८५ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि आता आपल्याकडे ती उपम्यासह उपलब्ध आहे. एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात, प्रत्येकाने उभे राहून एका मिनिटात स्वतःची महती सांगायची असते आणि स्वतःला येणे जमत नसेल तर बदली माणूस पाठवायचा असतो. माझ्या ओळखीच्या एका फर्निचरवाल्याने आपल्या मेहुण्याला इतक्या वेळा पाठवले, की आता पलंगाची चौकशी मेहुण्याकडेच होते. अशा बैठकीत विमा एजंट मुलाच्या वाढदिवसाचा केक केकवाल्या बाईंकडून घेतो, त्या बाई विवरणपत्र भरायला सीएकडे देतात आणि सीए विमा एजंटकडून पॉलिसी उतरवतो. प्रत्येक व्यवहाराची चिठ्ठी भरली जाते, चिठ्ठीगणिक टाळ्या पडतात आणि वर्षाच्या शेवटी गटाने किती लाखांचा धंदा केला तो आकडा पडद्यावर झळकतो. तीच नोट टेबलाला प्रदक्षिणा घालून परत आली, असला कुत्सित विचार मनात आणू नये. आपण गिऱ्हाईक शोधायला आलेले आहात आणि तिथे जमलेला प्रत्येक जण गिऱ्हाईक शोधायलाच आलेला आहे, ही तर फारच किरकोळ बाब आहे. कार्डे मात्र हजारच्या हिशेबाने छापून घ्यावीत, कारण ती देण्यासाठी असतात, ठेवण्यासाठी नव्हे. हॉलबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावले की मला माझा तीनशे जीएसएमचा जाडजूड कागद लगेच ओळखू येतो.

प्रदर्शनात स्टॉल घेण्याविषयी फार लिहीत नाही. तीन मीटर बाय तीन मीटरची जागा, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक प्लग मिळतो. दुसरा प्लग हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे पडतात. चकलीचे तुकडे बशीत ठेवले की गर्दी होते आणि बशी रिकामी झाली की गर्दी शेजारच्या स्टॉलवर जाते. याला ब्रँडची ओळख होणे म्हणतात.

खरा लाभ समाजकार्यात आहे, आणि आमच्या पेठेत समाजकार्य म्हणजे गणेशोत्सव. लोकमान्यांनी १८९३ साली या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, हे आपण शाळेत शिकलातच. मात्र त्याच काळातल्या पैसा फंडाची गोष्ट आपण विसरलात. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, टिळकांनी त्यांना पाठबळ दिले आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. म्हणजे तेव्हा समाज वर्गणी काढून धंदा उभा करीत असे. आपण प्रगती केली आहे. आता धंद्याकडून वर्गणी काढून समाज उभा केला जातो आणि तो नेमका आपल्या शटरसमोर उभा केला जातो. मंडपाचे बांबू दुकानापुढे पडले की गिऱ्हाइकाने कुठून यायचे, असे विचारण्याऐवजी आपण कमानीवरची जाहिरात घ्यावी. दहा दिवस आपले नाव रस्त्याच्या डोक्यावर झळकेल. त्या नावाचे दुकान कमानीच्या कापडामागे झाकले गेलेले असेल, हे खरे आहे, पण प्रसिद्धी आणि विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे तर जाहिरातशास्त्रही सांगते. विसर्जन मिरवणूक संपायला अलीकडे तीस तासांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ दुकान बंद ठेवून आपण स्वागतकक्षात उभे राहावे आणि ओळखी वाढवाव्यात.

दहा दिवसांत एकदा तरी आरतीचा मान मिळेल, त्याची पूर्वतयारी करून ठेवावी. शाल अंगावर पडताच कॅमेऱ्याकडे पाहावे, नारळाकडे पाहू नये. नाव चुकीचे पुकारले गेले तरी दुरुस्त करू नये. पुढच्या वर्षी ती शाल दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर दिसेल, तीही ओळखू नये. आरतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि त्यात आपण बहुधा कोपराइतकेच दिसता, कारण मध्ये नगरसेवकपदाचे इच्छुक उभे असतात.

पैशाच्या बाबतीत थोडे व्यवहारी असावे. कोणताही सीए सांगेल की नुसती वर्गणी हा धंद्याचा खर्च धरला जाणे अवघड असते, तर अहवालातली जाहिरात रीतसर बिल घेऊन दिली तर ती खर्चात दाखवता येते. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, हाही नियम आहे. ही माहिती मी आपल्याला केवळ ज्ञान म्हणून देतो आहे. दारात चौदा कार्यकर्ते ढोलाच्या सरावाहून थेट आलेले असताना परवानगीचा कागद मागणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

माझा स्वतःचा अनुभव याहून सुखाचा आहे. मंडळाचा अहवाल मी दर वर्षी छापतो. मशीन सुरू झाल्यावर तीन जाहिराती आणि एक श्रद्धांजली येते, ती मी रात्री बसून लावतो. उद्यम नोंदणी असलेल्या माझ्यासारख्या लघुउद्योजकाचे बिल फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकते झाले पाहिजे आणि न झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मिळाले पाहिजे, असे २००६ सालचा कायदा म्हणतो. त्या हिशेबाने मंडळाने आतापर्यंत मला एक नवे मशीन घेऊन द्यायला हवे होते. परंतु कार्यकर्ते म्हणतात, "काका, तुम्ही आपले माणूस आहात," आणि या वाक्यानंतर बिल पुढे करण्याची रीत आमच्या पेठेत नाही. त्याऐवजी अहवालाच्या शेवटच्या पानावर माझे नाव "मुद्रण सहयोग" या शीर्षकाखाली येते. ते मीच जुळवतो आणि ठळक करतो.

एका अपवादाचा उल्लेख करावा लागेल. कोपऱ्यावरचा अमृततुल्यवाला कोणत्याही बैठकीला जात नाही, त्याच्याकडे कार्ड नाही आणि त्याने कधी स्टॉल घेतलेला नाही. सकाळची बैठक संपल्यावरची खरी बोलणी त्याच्या फळीवर होतात, कार्यकर्ते रात्री दोनला त्याच्याचकडे जमतात आणि चहाचे पैसे तो कप उचलायच्या आधी घेतो. त्याला नेटवर्किंगचे काही कळत नाही, म्हणून त्याचे अनुकरण आपण करू नये.

आपण माझे म्हणणे मनावर घ्या आणि कार्डांची ऑर्डर लवकर द्या, कारण सध्या कामाची गर्दी आहे. यंदाची वर्गणीची पावतीपुस्तके कालच बांधून तयार झाली. ती न्यायला आलेल्या मुलांनी कागदावर शाई फुटते की नाही हे पाहण्यासाठी माझ्याच काउंटरवर पहिले पुस्तक उघडले, माझेच पेन मागून घेतले आणि गेल्या वर्षीच्या रकमेवर पाचशे वाढवून एक नंबरची पावती माझ्या नावाने फाडली.