बॅगेतलं स्थळ

परवा मला एका मुलीच्या मामानं नापसंत केलं. मी कुठं मुलगी बघायला गेलो नव्हतो, कुणाकडं बायोडाटा पाठवला नव्हता, लग्न करायचंय का हे आमच्या आईशिवाय आजवर मला कुणी विचारलेलंही नाही. मी आपला एक टनाच्या बॅगेत उभा राहून मका तुडवत होतो. तिथं येऊन माणूस मला नाकारून गेला. आणि एकदा समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत आला.

आता ज्यांच्या घरी दूध पिशवीतून येतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मक्याचा दाणा चिकात असतो, म्हणजे नखानं दाबला तर धड दूधही निघत नाही आणि धड पीठही नाही, तेव्हा अख्खं ताट कणसासकट कापायचं, नखाएवढी कुट्टी करायची, हवा काढून दाबायची आणि ४५ दिवस तोंड बांधून ठेवायची. झाला मुरघास, म्हणजे गाईंचा आंबवलेला चारा. सगळं शास्त्र त्या हवा काढण्यात आहे. हवा राहिली की बुरशी, बुरशी आली की गाई आजारी आणि शिव्या ठेकेदाराला. खड्ड्यात मुरघास करायचा असेल तर वरनं ट्रॅक्टर फिरवतात. बॅगेत करायचा असेल तर आत माणूस फिरवतात.

तो माणूस मी.

बीएससी ॲग्री झालोय. कॉलेजात मुरघासावर प्रश्न यायचा, मुरघासाचे फायदे लिहा. मी पान भरून लिहायचो. त्यात तुडवणाऱ्याचा फायदा असा मुद्दाच नव्हता, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. बॅगेत उतरलं की वरनं कुट्टी पडत राहते, अक्षता पडाव्यात तशी डोक्यावर, फक्त इथं नवरी नाही आणि अक्षता कॉलरीतून आत जाऊन खाजतात. तुऱ्याची धूळ नाकात. पानांच्या कडांनी हाताला बारीक बारीक चिरा पडलेल्या, त्यावर एक पोरगं पंपानं गूळ-पाण्यातलं कल्चर, म्हणजे चारा आंबवणारे जिवाणू, फवारतं. त्याचा नेम कुट्टीवर कमी आणि माझ्यावर जास्त. संध्याकाळी मी इतका गोड झालेला असतो की रात्री मुंग्या झोपू देत नाहीत.

आमचे दादा म्हणजे ठेकेदार. संगमनेर-अकोले पट्ट्यात गाई सोडून दुसरं काय आहे, त्यामुळं सप्टेंबर लागला की दादांचा फोन खाली राहत नाही. पेरणी सगळ्यांनी एकाच पावसावर केलेली, त्यामुळं मका सगळ्यांचा एकाच आठवड्यात चिकात येतो. आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच आधी वाळून चाललाय. हे खोटं नाही, दाणा एकदा कडक झाला की गाईच्या पोटातून अख्खाच्या अख्खा शेणात येतो आणि मग कोंबड्यांची चैन. पण म्हणून रात्री दोनला फोन? दादा सगळ्यांना एकच सांगतात, "निघालोच, अर्ध्या तासात पोचतो." मी त्यांना हे ताटावर बसून, अंघोळीला जाता जाता आणि एकदा तर नाशिकमधून सांगताना ऐकलंय.

तर नाना. नानांची बारा एकर, चाळीस एचएफ, म्हणजे काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन गाई, मुक्त गोठा, आणि मनाचा काही भरवसा नाही. सकाळी म्हणणार सगळा मका मुरघासाला कापा, दहा वाजता म्हणणार थांबा, अर्धा वाळवून दाणा विकू, इथेनॉलवाले घेतात म्हणे. २०२५-२६ चा हमीभाव २४०० रुपये क्विंटल आहे हे त्यांनी आम्हाला ऐकवलं, बाजारात तो कोण देतं हे आम्ही त्यांना ऐकवलं, मग परत कापा. मशीन तोवर बांधावर चालूच. डिझेल दादांचं.

त्या दिवशी नानांच्या मुलाला बघायला पाव्हणे येणार होते. संध्याकाळी. मुलगा सकाळीच संगमनेरला केस कापायला गेला होता, आणि केस कापायला पाच तास का लागतात हे मला चेहरा चकाकवून परत आला तेव्हा कळलं. पण आपल्याकडं मुलीचा मामा कधी सांगितलेल्या वेळी येत नाही. तो आधी आडवाटेनं मळ्यात येतो, शेत बघतो, विहिरीत डोकावतो, गड्यांकडं चौकशी करतो. तसा हा दुपारीच स्प्लेंडर घेऊन आला. बांधावर गाडी लावली आणि आमच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरला विचारलं, "नानांचा मुलगा कुठंय?" ड्रायव्हरच्या कानात कायम हेडफोन. त्याला "नानांचा मुरघास" एवढंच ऐकू आलं असणार. त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"तो काय, बॅगेत."

बॅग निम्म्याच्या वर भरली होती, त्यामुळं बाहेरून माझं छातीपासून वरचं तेवढं दिसत होतं. समोर पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन.

"नमस्कार," तो म्हणाला.

"नमस्कार मामा." अनोळखी माणसाला मी मामाच म्हणतो. हा खरोखरचा कुणाचा तरी मामा निघेल हे मला काय माहीत.

"आत काय चाललंय?"

"तुडवतोय."

"स्वतः?"

"मग दुसरं कोण तुडवणार?"

"वा!" मामा एकदम खूश. "हल्लीची पोरं गडी लावतात आणि स्वतः मोबाईल बघत बसतात. वा."

मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला. सबंध सीझनमध्ये कुणी वा म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकत होतो. मामांनी मग कुट्टी मुठीत घेऊन आवळली. पाणी गळलं नाही. मूठ उघडली तर गोळा हळूहळू सुटला. "ओल बरोबर आहे," म्हणाले. माणूस जाणकार होता, हे मान्य. इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी ती कुट्टी तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावली.

"मीठ कमी आहे."

"मामा, ते गाईला आहे."

"मग गाईला काय चव नसते?"

यावर मी काय बोलणार. मी गोल फिरायला लागलो.

"उलटे फिरताय तुम्ही," मामा म्हणाले. "उजवीकडनं फिरावं. प्रदक्षिणा कशी घालतो आपण?" आणि सांगायला लाज वाटते पण मी दिशा बदलली.

"शिक्षण?"

"बीएससी ॲग्री."

"नोकरी नाही बघितली?"

"मी बघितली. तिनं नाही बघितलं."

"एमपीएससी?"

"पूर्व निघते, मुख्यला अडकतं."

"व्यसन?"

"रोज दोन-चार मुठी कुट्टी जाते पोटात. बाकी काही नाही."

मामा हसले. मला वाटलं गप्पिष्ट माणूस आहे, रिटायर झालेला असेल, वेळ जात नसेल. बांधावर असे लोक येतातच. काहींना मशीनचं ॲव्हरेज विचारायचं असतं, काहींना पाती कुठं धार लावता ते, आणि काही नुसतेच "असं नाही करायचं" म्हणून निघून जातात.

"गाई किती आहेत?"

"चाळीस."

"दूध?"

"असेल चारशे लिटरच्या आसपास."

"आणि जमीन?"

आता बीएससी आणि एमपीएससी माझी विचारली म्हणजे जमीनही माझीच विचारत असणार, नाही का? मी म्हटलं, "दीड एकर. त्यातही चुलत्यांची केस चालू आहे."

मामांचा हात खिशातल्या पेनावर होता तो तिथंच राहिला. "दीड? आम्हाला तर बारा सांगितली."

"बारा नानांची."

"म्हणजे अजून तुमच्या नावावर नाही केली?"

"माझ्या नावावर कशाला करतील ते?"

"का, बोलत नाहीत का नीट?"

"बोलायला चांगले आहेत हो. पैसे द्यायची वेळ आली की अवघड होतं. मागच्या सीझनचे अजून अर्धे दिले नाहीत."

मामा बॅगेच्या आणखी जवळ आले आणि आवाज खाली आणला. "राहता कुठं तुम्ही?"

"इथंच, शेडमध्ये. मशीनपाशी."

"घरात नाही?"

"घरात कोण घेतंय."

"आणि जेवण?"

"बांधावर देतात आणून. काल शेवभाजी होती. रस्सा संपेपर्यंत शेव काही सापडली नाही."

मामांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. एवढ्यात दुसरी ट्रॉली आली, आवाज वाढला, वरनं कुट्टी सुरू झाली, आणि त्या पावसात मला एवढंच ऐकू आलं, "पोरगा म्हणून तुम्ही वाईट नाही. पण आमचं काही जमायचं नाही." मी तोंडातली कुट्टी थुंकून "काय जमायचं नाही?" विचारेपर्यंत स्प्लेंडर रस्त्याला लागली होती.

तासाभरात नाना धावत आले. नानांना मी कधी चालतानाही नीट पाहिलं नव्हतं, तो माणूस धावत. मध्यस्थाचा फोन आला होता. नाना पोटच्या पोराला शेडमध्ये झोपवतात, रस्सा खायला घालतात, जमिनीला हात लावू देत नाहीत आणि भावकीत केस चालू आहे, असं स्थळ आम्हाला नको. नानांनी बॅगेच्या कडेला धरून मला विचारलं, "अरे, तुला उत्तरं द्यायला कुणी सांगितलं होतं?" म्हणजे तुम्ही बघा. विचारणाऱ्याला कुणी काही म्हणायचं नाही. मी काय म्हणणार होतो, मामा, मी प्रश्न राखून ठेवतो? शेवेबद्दल मात्र नाना एक शब्द बोलले नाहीत, कारण तेवढं खरं होतं हे त्यांनाही माहीत होतं.

मग फोनाफोनी झाली, शपथा झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा परत. या वेळी गाडीभर माणसं, समोर नानांचा मुलगा, पांढऱ्या शर्टात, चकाकत. सगळे गोठा बघत बघत आमच्यापाशी आले. मी पुढच्या बॅगेत. मामांनी माझ्याकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, परत माझ्याकडं, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले,

"तरीच! मला कालच शंका आली होती. माणूस चेहऱ्यावरनं कळतो."

सगळे हसले. नाना हसले, नानांचा मुलगा हसला, ड्रायव्हरनं तर हसण्यासाठी हेडफोन काढला. अहो, काल याच चेहऱ्याला वा म्हटलं होतं ना तुम्ही? वर मामांनी मुलाला विचारलं, "तुम्हाला हे असं आत उतरावं लागत नाही ना?" आणि मुलगा म्हणाला, "छे छे, आम्ही माणसं लावतो." मामांचा चेहरा खुलला.

हे काय एकट्या मामांचं नाही. मुलीकडच्यांना बारा एकर पाहिजे, चाळीस गाई पाहिजेत, पण जावयाच्या पायाला शेण लागलेलं चालत नाही. आणि मुलींना तरी काय बोलणार, शेतकऱ्याच्या घरात सून म्हणून पहाटे चारला धारा काढायला कोण उठतं ते आम्ही आमच्या आयांकडं बघूनच शिकलोय. सोलापूरला २०२२ च्या डिसेंबरात पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजत-गाजत कलेक्टर ऑफिसवर गेली होती, आम्हाला बायका मिळेनात म्हणून. तेव्हा मी ते फोटो बघून पोट धरून हसलो होतो. परवा बॅगेतनं बाहेर आलो आणि घोडा किती भाडं घेतो याची चौकशी करावीशी वाटली.

पैशाचं तर बोलायलाच नको. दादांना विचारलं तर दादा म्हणतात नानांनी दिले की. नाना म्हणतात दुधाचं बिल आलं की. डेअरी फॅट ३.५ आणि एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घट्ट भाग, ८.५ च्या खाली लागला की दर पाडते. २०२४ मध्ये सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये अनुदान काढलं, पुढं सात केले, पण त्यासाठी गाईच्या कानात टॅग पाहिजे होता, ऑनलाइन नोंद पाहिजे होती. नाना अजून त्याचाच हिशोब सांगतात. या सगळ्यात रोख व्यवहार करणारी एकटी गाय. सकाळ-संध्याकाळ दूध देते, विषय संपला. आणि तिच्या कानात बारा आकडी नंबर आहे, तो टाकला की तिची सगळी माहिती निघते. माझी हजेरी दादांच्या डोक्यात आहे. आणि दादांना सकाळी कुणाला अर्ध्या तासात पोचतो म्हटलं होतं ते दुपारी आठवत नाही.

काल नानांचा फोन आला. मला वाटलं बिल. नाना एकदम गोड आवाजात म्हणाले, जमलं बरं का, पितृपक्ष लागायच्या आत साखरपुडा उरकून घेतोय, रविवारी आहे, तू घरचाच माणूस, यायलाच पाहिजे. मी म्हटलं, येतो की नाना.

"आणि येताना ट्रॉली घेऊन ये," नाना म्हणाले. "मंडपवाल्याकडनं खुर्च्या आणायच्यात. धुऊन आण, तुमच्या त्या कुट्टीचा वास येतो."

डिझेलचं मी विचारणारच होतो, पण तोवर फोन ठेवला होता.