पेन्सिलीनं लिहिलेली लेबलं

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, वेळ असेल त्यांनीच वाचा.

आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर आज फोटो आले. खानदेशातलं आमचं कॉलेज, प्राणिशास्त्राचं म्युझियम. खोली रिकामी केली, तिथे स्मार्ट क्लासरूम होणार आहे. मागच्या पायऱ्यांवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. नमुने टिकवणारं फॉर्मेलिन गटारात ओतलं, मासे, साप, बेडूक सगळे कचऱ्याच्या ढिगावर आणि बरण्या भंगारवाल्याला. खाली कुणीतरी लिहिलंय, 'अखेर तो वास गेला!' आणि त्यावर सतरा अंगठे.

सतरा. सगळे प्राणिशास्त्राचे पदवीधर.

त्यातली एक बरणी माझी होती. १९९७ चा डिसेंबर, मी एस. वाय. ला होते. सर आम्हा चौघांना पांझरा नदीच्या डोहावर घेऊन गेले, बरोबर लॅबचे मदतनीस, आमचे मामा. मामा भोई, जाळं त्यांचंच. मरळ आली, वाम आली आणि जाळ्याच्या कोपऱ्यात एक बोटभर लांबीचा मासा, अंगावर काळपट पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. मी तो परत पाण्यात टाकणार, तेवढ्यात सर म्हणाले, "थांब. आधी रंग लिहून घे. फॉर्मेलिनमध्ये गेला की रंग उडतो." मग लेबल. तेही पेन्सिलीनं, कारण शाई विरघळते. आणि ते बरणीवर चिकटवायचं नाही, आत माशासोबत टाकायचं, म्हणजे दोघांची ताटातूट होत नाही. तारीख, डोहाचं नाव, पाणी किती खोल, तळाला वाळू की गाळ, पकडला कुणी. शेवटच्या ओळीत मामा त्या माशाला काय म्हणतात ते. सरांनी ते लेबल माझ्याकडून तीनदा लिहून घेतलं.

एका माशासाठी एवढं कशाला, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. उत्तर नंतर कळलं, आणि तेही आमच्याच भागातल्या एका पक्ष्यामुळे.

रानपिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षीतज्ज्ञानं या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं आपल्या शहादा-तळोदा भागातून त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांतल्या खणांत कापूस भरून जतन केलेली जेमतेम सात कातडी. त्यातल्या एकावर लेबल होतं, मांडवी, गुजरात, १९१४, गोळा करणारा ब्रिटिश कर्नल माइनर्ट्‌झहागेन. त्या लेबलावर विसंबून लोक तापीकाठी शोधत राहिले. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती कातडी खणांतून काढून शेजारी शेजारी ठेवली, एक्स-रे काढले, आतला कापूस तपासला. कर्नलसाहेबांचा नमुना निघाला चोरीचा! डेव्हिडसननंच तयार केलेलं कातडं उचलून, नव्यानं भरून, त्याला खोटं लेबल बांधलेलं. खोटं लेबल बाजूला झालं आणि खरी ठिकाणं उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी शहाद्याजवळच्या रानात गेले आणि पंचविसाव्या तारखेला सकाळी रानपिंगळा समोर बसलेला दिसला. जिवंत. ११३ वर्षांनी. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता, शहादा धुळ्यातच होतं. म्हणजे आम्ही पांझरेवर जाळं टाकलं त्याच्या महिनाभर आधी, आमच्याच जिल्ह्यात!

हे सगळं कशाच्या जोरावर? शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी पायाला दोरा बांधून अडकवलेल्या कागदाच्या चिठोऱ्याच्या. आणि तो खण कुणी 'जागा अडते' म्हणून रिकामा केला नाही याच्या.

जागा कमी असते, मान्य. फॉर्मेलिन घातक आहे, तेही मान्य. पण मग घातक म्हणता तेच उघड्या गटारात ओतता? डिसेक्शन बंद झाली ते बरंच झालं, आणि आज कुणी बंदूक घेऊन पक्षी गोळा करावेत असं मी म्हणणार नाही. पण जे जीव ऐंशी-नव्वद सालीच मेलेत, त्यांना उकिरड्यावर टाकून कोणती जीवदया साधली?

'सगळं नेटवर आहे गं', असं एका मैत्रिणीनं मला लिहिलं. पांझरेच्या त्या डोहात डिसेंबर ९७ ला काय पोहत होतं ते नेटवर दाखव मला. दाखवच.

ब्रिटनमध्ये बहिरी ससाणे का संपत चाललेत हे कळेना, तेव्हा पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी हौशी लोकांनी जमवलेली जुनी अंडी मोजली. १९४७ च्या सुमारापासून कवचं एकदम पातळ झालेली. त्याच काळात डीडीटी हे कीटकनाशक आलं होतं. त्याच्या कितीतरी आधी अंडी जमवणाऱ्यांना डीडीटी हा शब्दही ठाऊक नव्हता. जमवणाऱ्याला प्रश्न माहीत नसतो, तो पुढच्या कुणाचा तरी असतो. ही साधी गोष्ट प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांना मी समजावून सांगायची?

दिल्लीचं राष्ट्रीय प्राकृतिक इतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये एका रात्रीत जळालं, तेव्हा याच ग्रुपवर सगळे हळहळले होते. ती आग होती. इथे माणसांनी हातानं एकेक बरणी उचलून बाहेर नेली.

मामांची फार आठवण येतेय आज. ते कधी कॉलेजात शिकले नाहीत, पण दर दिवाळीच्या सुट्टीत एकटे येऊन बरण्यांची झाकणं तपासायचे, पातळी उतरली असेल तिथे फॉर्मेलिन भरायचे, कीटकांच्या पेट्यांत नव्या डांबरगोळ्या ठेवायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईत हॉर्नबिल हाऊसला सहल गेली तेव्हा बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) ते पक्ष्यांचे खण पाहून मामा मला म्हणाले होते, "आपलं बी असंच आहे, फक्त लहान." किती अभिमान होता आवाजात.

गेल्या मे महिन्यात त्या डोहावर गेले होते. डोह नाही. वाळू उपसून झालेले खड्डे, आणि एका खड्ड्यात हिरवं पाणी.

दुपारी रागाच्या भरात तिघांना फोन केले. शिव्याच घातल्या म्हणा. एक जण उद्या ढिगाऱ्यात लेबलं सापडतात का बघायला जाणार आहे. मासे कुत्र्यांनी नेले असतील, पण तो कागद जाड होता आणि पेन्सिल पुसत नाही.

कारण मगाशी लिहिताना लक्षात आलं. मामा त्या पट्ट्यांच्या माशाला जे म्हणायचे, ते नाव मला आठवत नाहीये. मिशा आठवतात, पट्टे आठवतात, सरांचा आवाज आठवतो. नाव लेबलवर होतं म्हणून मी कधी पाठच केलं नाही. मामा जाऊन सहा वर्षं झाली. सुरतेला त्यांच्या मुलाला फोन लावला, तो तिथे मिलमध्ये आहे. बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "माले याद नही, ताई."

तुमच्यापैकी कुणाच्या घरी पांझरा, बुराई, गिरणा यांवर मासेमारी झाली असेल तर म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. बोटभर लांब, आडवे काळपट पट्टे, वाळूच्या तळाशी राहणारा, तोंडाशी मिशा. खाली कमेंटमध्ये लिहा, नाहीतर मला फोन करा. ते जसं म्हणतात तसंच लिहा, शुद्ध करू नका.