एकोणिसाव्या वर्षी या मुलींनी खेळायचं कुठे?

आइस हॉकीत मुलांची वीस वर्षांखालची जागतिक स्पर्धा १९७७ पासून चालू आहे, अठरा वर्षांखालची १९९९ पासून. मुलींची अठरा वर्षांखालची स्पर्धा पहिल्यांदा झाली २००८ साली, कॅनडातल्या कॅलगरीत. वीस वर्षांखालची आजतागायत नाही. ही एक पायरी गाळल्यामुळे महिला हॉकीचं जेवढं नुकसान होतंय, तेवढं दुसऱ्या कशानेही होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की गवतावरची किंवा टर्फवरचीच डोळ्यांसमोर येते. पण बहुतांशी लडाखच्या मुली असलेल्या भारतीय संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनच्या आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं आणि काही जणांची नजर बर्फाकडे वळली. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

अठरा वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत वरच्या गटात आठ संघ असतात. शेवटचा येणारा खालच्या डिव्हिजनमध्ये जातो, तिथला विजेता वर येतो. साखळीत निर्धारित साठ मिनिटांत जिंकलं तर तीन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकलं तर दोन, तसं हरलं तरी एक. वय मोजतात ते जन्मवर्षावरून. २०२५ च्या फिनलंडमधल्या वांता इथल्या स्पर्धेसाठी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या. म्हणजे १ जानेवारीला जन्मलेली आणि ३१ डिसेंबरला जन्मलेली मुलगी एकाच तराजूत. या वयात वर्षभराच्या अंतराने ताकदीत किती फरक पडतो, हे कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारा. बहुतेक मुलींच्या वाट्याला अशा दोन-तीनच स्पर्धा येतात आणि मग दार बंद.

या स्पर्धेवर नेहमीचा आक्षेप एकच: अमेरिका आणि कॅनडाच जिंकतात, बाकीच्यांवर गोलांचा पाऊस पडतो, बघायचं काय? सुवर्ण आजवर याच दोघांकडे गेलंय आणि गोलांचा पाऊसही पडतो, हे खरं. पण तो का पडतो हे बघितलं तर माझा मुद्दा तिथेच सापडतो.

सामन्यात वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड असतात. त्यातल्या दुसऱ्याकडे लक्ष द्या. प्रत्येक पीरियडनंतर संघ बाजू बदलतात, बदली खेळाडू बसतात ते बेंच मात्र जागेवरच राहतात. पहिल्या आणि तिसऱ्या पीरियडमध्ये आपलं बेंच आपल्या बचावाच्या बाजूला असतं. दुसऱ्यात ते लांब, मधल्या रेषेपलीकडे जातं. बर्फावरची एक पाळी, म्हणजे शिफ्ट, साधारण चाळीस ते पंचेचाळीस सेकंदांची. तेवढ्यात पूर्ण जोर लावायचा आणि बेंचवर परतायचं. दुसऱ्या पीरियडमध्ये पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आपल्याच भागात अडकला की बचावपटूला बदली होऊन जाताच येत नाही, कारण ती बेंचपर्यंत पोहोचेस्तोवर मागे गोलसमोर मैदान मोकळं. दीड मिनिट झालं की मांड्या भरून येतात, स्टिक बर्फावरून उचलली जाते, प्रतिस्पर्ध्याचा हात धरला जातो आणि दोन मिनिटांची पेनल्टी बसते, म्हणजे तेवढा वेळ ती खेळाडू बाहेर आणि संघात एक जण कमी. सुटका म्हणून पक आपल्या अर्ध्यातून थेट समोरच्या गोलरेषेपार भिरकावला तर आयसिंग होतं. फेसऑफ, म्हणजे दोघींच्या मध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं, परत आपल्याच गोलजवळ, आणि वर आयसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलायची परवानगी नाही. त्याच दमलेल्या पाच जणींनी पुन्हा उभं राहायचं, समोर मात्र ताज्या दमाच्या पाच. निम्मे गोल इथे नाही झाले तरी सामना इथेच हातचा जातो.

दुसरी गळती ब्रेकआउटमध्ये, म्हणजे आपल्या भागातून पक बाहेर काढताना. बचावपटू गोलच्या मागे पक घ्यायला जाते तेव्हा पकला स्टिक लागायच्या आधी तिने एकदा उजव्या, एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायला हवं. कोण अंगावर येतंय, आपली विंगर (कडेची आक्रमक) बोर्डाला, म्हणजे रिंकच्या कठड्याला, लागून उभी आहे का, सेंटर (मधली आक्रमक) खाली आलीय का, हे सगळं त्या एका क्षणात टिपायचं असतं. घाबरलेली मुलगी पकवरच डोळे ठेवते, अंदाजाने बोर्डावरून फिरवून देते, आणि आपला भाग जिथे संपतो त्या निळ्या रेषेवर समोरच्या संघाची बचावपटू तो अलगद अडवते. त्याहून वाईट म्हणजे मधून दिलेला पास. तो चुकला की गोलकीपर एकटी. ही नजर सरावात नुसते प्लॅस्टिकचे शंकू मांडून येत नाही. अंगावर खरोखर वेगाने येणाऱ्या खेळाडूंसमोर वारंवार खेळूनच येते. कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांत नोंदणीकृत मुली-महिला लाखाच्या आसपास आहेत. त्यांच्या चौथ्या फळीतली, म्हणजे आळीपाळीने बर्फावर उतरणाऱ्या तुकड्यांपैकी शेवटच्या तुकडीतली, मुलगीसुद्धा रोज अशाच वेगासमोर वाढते. युरोपातल्या संघांच्या पहिल्या दोन फळ्या तोडीस तोड असतात, तिसरीपासून उतार लागतो.

तोडीस तोड म्हणतो ते उगाच नाही. २०१८ मध्ये रशियातल्या दिमित्रोवला स्वीडनने कॅनडाला उपांत्य फेरीत हरवलं. २०२३ मध्ये स्वीडनमध्येच, ऑस्टरसुंडला, अमेरिकेला २-१ असं बाहेर काढलं. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या त्सुगला चेकियाने कॅनडावर ४-२ मात केली. आता पुढचे आकडे बघा: त्या तीन अंतिम सामन्यांत हे संघ ३-९, ०-१० आणि १-५ असे हरले. एका सामन्यापुरतं सगळं पणाला लावता येतं. लगेच दुसरा तसाच खेळायला बेंचवर माणसं लागतात.

कौशल्याचं म्हणाल तर २०२३ च्याच स्पर्धेत स्लोव्हाकियाची नेला लोपुशानोवा चौदा वर्षांची होती. पाच सामन्यांत नऊ गोल, तीन असिस्ट आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू. तिने तिथे मारलेला ‘मिशिगन’ गोल जगभर फिरला. गोलच्या मागे उभं राहून स्टिकचं पातं पकवर दाबायचं, मनगट वळवत पक पात्याला चिकटल्यासारखा उचलायचा आणि खांबाला वळसा घालून गोलकीपरच्या खांद्यावरून जाळ्यात ठेवायचा. पक दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा कडक रबर. त्याला पात्यावर धरून ठेवतो तो फक्त स्टिकचा सलग वेग. क्षणभर हात थांबला की पक खाली. शिवाय स्टिक गोलच्या आडव्या दांड्यापेक्षा वर, म्हणजे १.२२ मीटरच्या वर जाऊन पकला लागली तर गोल बाद. हे चौदाव्या वर्षी जागतिक स्पर्धेत करणाऱ्या मुली कॅनडा-अमेरिकेबाहेरही जन्मतात, तेव्हा ‘बाकीच्या देशांत दम नाही’ हे म्हणणं सोडून द्यायला हवं.

मग वरिष्ठ गटात काय होतं? महिलांची जागतिक स्पर्धा १९९० पासून चालू आहे आणि अंतिम सामन्यात कॅनडा-अमेरिका सोडून तिसरा देश एकदाच पोहोचला: २०१९ मध्ये फिनलंड. अठराव्या वर्षी सहा वर्षांच्या काळात तीनदा पडलेलं खिंडार पुढे बुजतं कुठे? एकोणीस ते बावीस या वर्षांत. कॅनडा आणि अमेरिका दर उन्हाळ्यात आपापसात तीन सामन्यांची मालिका खेळतात, अठरा वर्षांखालच्यांची वेगळी आणि विद्यापीठ वयाच्या मुलींची वेगळी. म्हणजे त्यांनी आपल्यापुरती ती गाळलेली पायरी बांधून घेतलीय. चेकियाच्या किंवा स्लोव्हाकियाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला एक तर थेट वरिष्ठ संघात तिशीतल्या बायकांशी जागेसाठी झगडायचं, नाहीतर देशाची जर्सी काही वर्षं विसरायची.

त्यात अंगाने भिडण्याचा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांत मुद्दाम आदळून पाडणं म्हणजे पेनल्टी. पकसाठी खांद्याला खांदा लावून झुंजता येतं, वाट अडवून बोर्डाकडे ढकलत नेता येतं, पण धडक नाही. स्वीडनच्या वरच्या महिला लीगने मात्र २०२२ पासून बॉडीचेकला, म्हणजे अशा धडकेला, मुभा दिली, आणि उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्येही खेळ बराच अंगाचा आहे. अठरापर्यंत एका तऱ्हेने खेळलेली मुलगी एकोणिसाव्या वर्षी वेगळ्याच खेळात जाऊन पडते. हा बदल समवयस्कांबरोबर पचवायला मधली पायरी हवीच.

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या लेखी मुलींची जागा कुठे होती हे कोविडच्या साथीच्या काळात उघड दिसलं. २०२१ ची मुलींची स्पर्धा रद्द झाली. त्याच हंगामात मुलांची वीस वर्षांखालची एडमंटनला बबलमध्ये झाली, अठरा वर्षांखालची टेक्सासमध्ये झाली. डिसेंबर २०२१ मध्ये मुलींची जानेवारीची स्पर्धा पुन्हा रद्द केली, आणि मुलांची २६ डिसेंबरला सुरू केली. ती दोन-चार दिवसांत गुंडाळावी लागली, ऑगस्टमध्ये पुन्हा भरवली. मुलींची जूनमध्ये मॅडिसनला झाली, तीही बरीच टीका झाल्यावर. २००३ साली जन्मलेल्या मुलींची शेवटची संधी २०२१ च्या रद्द स्पर्धेबरोबर गेली ती गेलीच. पुढे वीस वर्षांखालची स्पर्धा असती तर त्यांना निदान तिथे उभं राहता आलं असतं.

पैसा नाही, प्रेक्षक नाहीत, तारखा नाहीत, ही तीन कारणं पुढे येतात. तारखांचं उत्तर सोपं आहे: ऑगस्ट. अमेरिका-कॅनडाची मालिका तेव्हाच असते, दोघांचे संघ तेव्हा जमलेलेच असतात, अमेरिकी विद्यापीठांचा आणि स्वीडिश लीगचा हंगाम उघडायचा असतो. आठ संघ नकोत. सहा घ्या: अमेरिका, कॅनडा, चेकिया, फिनलंड, स्वीडन, स्वित्झर्लंड. एकेरी साखळी, प्रत्येकी पाच सामने, मध्ये सुट्टीचे दिवस, एकच रिंक. पहिली दोन वर्षं कुणाची बढती नाही, कुणाची घसरण नाही, म्हणजे प्रशिक्षक तिसऱ्या-चौथ्या फळीलाही दुसऱ्या पीरियडमध्ये बर्फावर पाठवतील. तिसऱ्या वर्षी स्लोव्हाकिया आणि जपानसाठी दार उघडा.