'अ‍ॅड्रिनल थकवा' विकणाऱ्यांविषयी

'तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ताणामुळे थकल्या आहेत' असे सांगून लाळेची तपासणी आणि तिच्या आधारे महिनाभराच्या गोळ्या विकण्याचा धंदा आता आपल्या नागपुरातही रुजला आहे. माझ्या वहिनींना असाच एक अहवाल मिळाला. त्यात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा रंगीत आलेख होता, पण साधे हिमोग्लोबिन तपासलेले नव्हते.

मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना संदेश पाठवते, त्या कॉर्टिसॉल सोडतात आणि ते पुरेसे झाले की तेच कॉर्टिसॉल मेंदूला आवरते घ्यायला सांगते. सकाळी जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी, त्यामुळे वेळ न पाहता घेतलेल्या एका नमुन्यावरून काहीच ठरत नाही. ताणाने ग्रंथी 'दमते' याला पुरावा नाही. 2016 साली उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांनाही तो सापडला नाही.

दीर्घकालीन थकव्याच्या आजारात, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये, काही रुग्णांचे कॉर्टिसॉल सरासरीपेक्षा किंचित कमी आढळते हे खरे आहे. परंतु ते बहुधा सामान्य मर्यादेतच असते, आणि बिघडलेली झोप व कमी झालेली हालचाल यांचाही तो परिणाम असू शकतो. 1998 साली अमेरिकेत अशा रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातले कॉर्टिसॉल, देऊन पाहिले गेले. थोडे बरे वाटले, पण अनेकांच्या स्वतःच्या ग्रंथींचे काम मंदावले, म्हणून तो उपचार पुढे रुळला नाही. सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या रक्ततपासणीची कथाही अशीच आहे: शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते, म्हणून रक्तातील आकड्यावरून मेंदूत काय चालले आहे ते कळत नाही.

याचा अर्थ हे सारे मनाचे खेळ आहेत, असा मात्र कोणी काढू नये. क्रॉनिक फटीग सिंड्रोमची खरी खूण म्हणजे श्रमानंतर, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी, माणूस अक्षरशः कोसळतो. बुधवार बाजारातून भाजी आणण्याची किंमत गुरुवारी अंथरुणात पडून चुकवावी लागते. सहा महिन्यांहून अधिक टिकलेला थकवा, ताजेतवाने न करणारी झोप आणि ही कोसळण, यांवर 2015 सालच्या अमेरिकी निकषांचा भर आहे. अशा माणसाला 'रोज अंबाझरी तलावावर एकेक फेरी वाढवत जा' असे सांगणे मला क्रूर वाटते. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनेही 2021 मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची शिफारस मागे घेतली. (आपल्याकडे मे महिन्यात तर 'ऊन लागलं असेल' एवढ्यावरच विषय संपतो.)

आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), थायरॉइड, बी12 आणि साखर तपासावी, रात्रीच्या घोरण्याचीही चौकशी व्हावी. अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्येच वर्णिला आहे, आणि क्षयरोग हे त्याचे एक जुने कारण आपल्याकडे अजूनही दिसते. त्वचा काळवंडणे, वजन घटणे, उभे राहताच रक्तदाब उतरणे अशी लक्षणे असतील तर सकाळचे कॉर्टिसॉल डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावे. सांधेदुखीसाठी कोणाकडून मिळालेल्या पुड्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, कारण त्यांत स्टेरॉइड असेल तर ग्रंथी खरोखरच झोपी गेलेली असू शकते आणि पुडी एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते.