वाघ जमतो, फ्रेम नडते

प्राणिचित्रांची स्पर्धा कलादालनात असली की परीक्षक रंग, रेषा, रचना बघतात. तीच स्पर्धा निसर्गविज्ञान संग्रहालयात असली की पाय मोजतात. समितीत एखादा तरी प्राणिशास्त्रज्ञ असतोच, आणि माझ्या मते अख्ख्या प्रदर्शनातला हिंस्र प्राणी तोच. तुमच्या बिबट्याच्या डोळ्यांतली व्याकुळता त्याला दिसत नाही. त्याला दिसतात काळ्या कड्यांच्या आतले बारीक ठिपके. म्हणजे हा बिबट्या नव्हे, अमेरिकेतला जॅग्वार. आणि आपण त्याला ऐटीत आफ्रिकेतल्या बाओबाबच्या झाडावर बसवलेलं असतं!

कोळ्याचे आठही पाय शरीराच्या पुढच्या भागातून निघतात, पोटातून नाही. पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला एक बोट, आफ्रिकी हत्तीच्या दोन. वाघाची बाहुली गोल. तिथे उभी चीर काढलीत की झाली मनीमाऊ.

लिनोकट आणि एचिंगवाल्यांचं, म्हणजे चित्र कोरून त्याचा कागदावर ठसा घेणाऱ्यांचं, दुःख निराळंच. ठसा उलटा उमटतो हे सही करताना सगळ्यांना आठवतं, शंख कोरताना नाही. बहुतेक शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले तर तोंड उजवीकडे येतं. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५० साली शंखाचं एचिंग केलं. त्यात सही सुलटी आली आणि शंख उलटा. रेम्ब्रांट असल्यामुळे खपून गेलं. आपलं खपत नाही.

मग कोणी म्हणतं, संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी आहेत, त्यांच्यावरून काढू. जपून. त्यांचे डोळे काचेचे, केसांचा रंग उडालेला, चोच आणि पाय वरून रंगवलेले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातला वॉलरस (लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी) प्रसिद्धच आहे. जिवंत वॉलरस न पाहिलेल्या कारागिरांनी त्याच्या कातडीवरच्या सगळ्या सुरकुत्या जाईपर्यंत त्यात पेंढा कोंबला. सांगाड्यांवरून अभ्यास करा. हाडं फुगवता येत नाहीत.

एवढं सगळं जमलं तरी खरी कत्तल फ्रेमपाशी होते. नियमातलं कमाल माप बहुधा फ्रेमसकट असतं, आणि ही ओळ लोक फ्रेम करून झाल्यावर वाचतात. काच फुटेल म्हणून पेस्टल किंवा चारकोलच्या भुरभुरीत चित्रावर ॲक्रिलिक शीट, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक, लावू नये. पुसताना तिच्यात स्थिर वीज तयार होते आणि वाघाची अर्धी भुकटी शीटला चिकटते. काचच लावा, पण कागद आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवा. मागे टांगायला दातेरी पट्टी चालत नाही. डी-रिंग, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारख्या कड्या लागतात, वरून साधारण एक तृतीयांशावर. त्यांच्यात ओवलेली तार फार सैल ठेवली तर ती फ्रेमच्या वर डोकावते. प्रवेशिकेचा फोटो काच बसवण्याआधी काढा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे ठेवून. फ्लॅश मारलात तर वाघाच्या कपाळावर चंद्र उगवतो.

चित्रावर खरी पिसं किंवा वाळकं घरटं चिकटवायची लहर आली तर आधी नियमावली बघा. संग्रहालय अशा वस्तूंना घाबरतं, कारण त्यांतून येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या शंभर वर्षांचे नमुने खाऊन टाकतात. त्यामुळे कलाकृती कधी कधी उणे ३० अंशांत तीन दिवस गोठवली जाते. रंगांच्या थरांना हा पाहुणचार मानवेलच असं नाही.

शेवटी चित्र भिंतीवर लागतं. कागदावरचे रंग उडू नयेत म्हणून तिथे उजेड जेमतेम ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे मंदच. काळोखं जंगल, त्यावर साधी काच, म्हणजे झाडीत दबा धरलेल्या वाघाऐवजी प्रेक्षकाला स्वतःचंच तोंड दिसतं. काही जण तिथे केस सारखे करतात आणि डायनासोर कुठल्या मजल्यावर आहे ते विचारतात. परावर्तन टाळणारी काच मिळते, महाग असते. रात्रीचं जंगल काढायची हौस असेल तर आधी तिचे पैसे काढा, मग वाघ.