निबंध लांबवला की मार्क वाढतात का? एका पालकांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार दिलेत आणि तक्रार मोकळेपणाने लिहिलीत. मुलगी घरी सहज चारशे शब्द लिहायची, आमच्या फ्रेंचच्या क्लासमध्ये तिच्या वहीतले परिच्छेदच्या परिच्छेद खोडले गेले, परीक्षेत ती २६८ शब्दांवर थांबली आणि डेल्फ बी-टू या फ्रेंचच्या परीक्षेत लेखनाला तिला २५ पैकी १४ मिळाले. दुसऱ्या एका क्लासमध्ये ‘जितकं जास्त लिहाल तितके मार्क’ असं सांगतात, म्हणून ‘पूर्ण फी घेऊन अर्धाच निबंध शिकवला’ असं तुमचं म्हणणं आहे. इतर पालकही हे वाचतील, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

वहीतले ते परिच्छेद मी स्वतः खोडले होते आणि पुढच्या बॅचलाही खोडणार आहे.

बी-टूला लेखनासाठी एक तास मिळतो आणि किमान २५० शब्द मागतात. २६८ शब्दांनी ती अट पूर्ण झाली, त्यामुळे लांबीपायी मार्क जायचं कारणच नाही. चारशे लिहिले असते तरी कुणी कापले नसते, हेही तितकंच खरं. पण वाढलेही नसते. तपासनीस बघतात ते असं: जे करायला सांगितलं ते केलं का, मुद्दे एकमेकांना धरून आहेत का, समजा महापौरांना पत्र असेल तर भाषा महापौरांना शोभेल अशी आहे का, शब्दसंग्रह किती आणि व्याकरण कसं. किमान मर्यादा गाठल्यावर लांबीचे वेगळे मार्क कुठेच नाहीत.

हा समज येतो कुठून ते मला ठाऊक आहे. आपण सगळे बोर्डाच्या परीक्षांत वाढलो. पुरवणी मागणारा मुलगा हुशार, शेवटच्या घंटेपर्यंत खरडणारी मुलगी अभ्यासू. बडोद्यात काय, सगळीकडेच हे आहे. माझ्या वर्गात येणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी ही सवय घेऊनच येते आणि पहिला महिना ती मोडण्यात जातो.

आता काय खोडलं ते सांगते, म्हणजे तुमच्या मनातली शंका जाईल. विषय होता, गावातलं वाचनालय बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध महापौरांना पत्र. सुरुवातीला पुस्तकांचं मानवी जीवनातलं महत्त्व, नव्वदेक शब्द. महापौरांना ते कशाला हवं? ते गेलं. तिसरा मुद्दा दुसराच होता, फक्त शब्द बदललेले. तोही गेला. उरलं ते पत्र चांगलं होतं: मी कोण, कशासाठी लिहितेय, म्हाताऱ्या वाचकांचं काय होईल, शाळकरी मुलांचं काय होईल, पर्याय काय, आणि शेवटचा औपचारिक नमस्कार. ही मांडणी तिची स्वतःची होती आणि मला ती फार आवडली होती.

खोडण्याचं दुसरं कारण त्याहून मोठं आहे. ‘महापालिकेने केलेल्या उपाययोजना’ हे फ्रेंचमध्ये लिहिताना मुलं सर्रास ‘ले मझ्यूर क ला मेरी आ प्री’ लिहितात. हवं असतं ‘प्रीज’, कारण ‘मझ्यूर’ स्त्रीलिंगी आहे, अनेकवचनी आहे आणि क्रियापदाच्या आधी आलंय. नियम सगळ्यांना पाठ असतो, विचारलं तर फाडफाड सांगतात. लिहिण्याच्या ओघात मात्र सुटतो आणि पुन्हा वाचतानाच सापडतो. एका तासात दहा मिनिटं मुद्दे काढायला आणि शेवटची दहा-बारा मिनिटं असल्या चुका शोधायला ठेवली, तर मधल्या वेळात बहुतेक मुलांचे २६० ते २९० शब्द नीट होतात. चारशे लिहायचे तर पहिला बळी जातो तो पुन्हा वाचण्याचा, आणि जास्तीच्या दीडशे शब्दांत नव्या चुका येतात त्या वेगळ्याच.

तिला १४ का मिळाले, हे पेपर न पाहता मी सांगणार नाही. शब्द कमी पडले म्हणून नक्कीच नाही. प्रत्येक विभागात किमान ५ आणि एकूण १०० पैकी ५० लागतात. ती बी-टू पास झाली आहे, तिचं मनापासून अभिनंदन.

‘शब्द मोजत बसायला शिकवतात’ असंही तुम्ही लिहिलंय. मोजायला शिकवतो, पण पेपरात एकेक शब्द मोजू देत नाही. दोन मोकळ्या जागांमधलं जे असेल तो एक शब्द, हा परीक्षेचाच नियम. ‘सेतादीर’ (फ्रेंचमध्ये ‘म्हणजेच’) लिहिताना मध्ये जोडरेघा येतात, तरी तो एकच शब्द. प्रत्येकाने आपल्या अक्षरात एका ओळीत साधारण किती शब्द बसतात ते घरीच काढून ठेवायचं. नऊ बसत असतील तर २८ ओळी झाल्या की २५० पार. एवढं माहीत असलं की परीक्षेत जीव शांत राहतो. २०० वर थांबणारी मुलंही माझ्याकडे येतात, त्यांना मी तितक्याच कडकपणे वाढवायला लावते.

आणि ही सवय पुढे लागणारच आहे. डाल्फ सी-वन या बी-टूच्या पुढच्या पायरीच्या परीक्षेत सारांश २०० ते २४० शब्दांतच बसवायचा असतो. तिथे जास्त लिहिणं हीच चूक. मुलीला कॅनडासाठी टीसीएफ ही फ्रेंचची दुसरी परीक्षा द्यायची आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यात ६० मिनिटांत तीन लेखनं असतात: पहिलं ६० ते १२० शब्द, दुसरं १२० ते १५०, तिसरं १२० ते १८०. वरची मर्यादा प्रश्नातच दिलेली असते. तिसऱ्यात आधी दोन विरुद्ध मतं थोडक्यात सांगायची आणि मग स्वतःचं मत द्यायचं. मतं सांगण्यातच शंभर शब्द गेले तर स्वतःसाठी उरतं काय? त्याऐवजी टीईएफ कॅनडा ही परीक्षा निवडली तर तिथे पुन्हा किमान मर्यादा आहेत, दोन लेखनांसाठी ८० आणि २०० शब्द. म्हणून कोणती परीक्षा द्यायची ते आधी ठरवा, तयारी त्याप्रमाणे बदलते.

‘जास्त लिहा’ हा सल्ला ज्यांनी दिला त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण तो ऐकून कुणी टीसीएफला बसलं तर नुकसान विद्यार्थ्याचं होईल, म्हणून इतकं लिहिलं.

मुलीला दांडिया बाजारच्या वर्गात शनिवारी संध्याकाळी पाठवा, जुनी वही घेऊन. खोडलेला प्रत्येक परिच्छेद तिच्यासमोर पुन्हा वाचू आणि एखादा ठेवायला हवा होता असं तिला वाटलं तर तिचं म्हणणं ऐकेन. त्यानंतर टीसीएफचं तिसरं लेखन घड्याळ लावून करून घेईन. याची वेगळी फी नाही.

— संचालिका