भात की खळ?

शनिवारी रात्री सासरेबुवांनी माझ्या भाताला खळ म्हटलं. चारचौघांत. शेजारच्या तंबूतल्या गोऱ्यांना कळलं नाही, पण मेव्हणीला कळलं आणि ती अजून हसतेय.

स्थळ कॅनडातलं अल्बर्टा, रेड डिअर नदीकाठचा डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क. इवलासा गॅस, वारा, एका हातात डाव, दुसऱ्याने डास मारणं. पाणी जरा जास्त पडलं. एवढंच.

बाबांनी बोटावर भात घेतला, अंगठा टेकवून हळूच उचलला. तार निघाली. ती त्यांनी कंदिलापुढे धरून सगळ्यांना दाखवली.

"जावईबापू, आमच्या मंडळाची पोस्टरं अशीच चिकटायची. मोरचूद घातलाय ना?"

मला राग आला की मी माहिती देतो. म्हटलं, "बाबा, १८७६ साली अमेरिकेत मोंटानात हाडं उकरणाऱ्या चार्ल्स स्टर्नबर्गने तांदूळ गच्च शिजवून त्याचीच खळ केली होती. पिठाच्या पिशव्या, गोणपाट त्यात बुडवून डायनासोरच्या हाडांना गुंडाळले, फुटू नयेत म्हणून."

"आणि जेवले काय?"

"ते सोडा. त्याचा साहेब, कोप, रात्री झोपेत तळमळायचा. दिवसा उकरलेले प्राणी स्वप्नात येऊन त्याला लाथा मारायचे."

"हाच भात खाऊन ना? आचारी कोण होता?"

"तो सिटिंग बुलच्या, म्हणजे तिथल्या आदिवासी सरदाराच्या, धास्तीने मध्येच पळाला."

"मग स्वयंपाक जावयाने केला असणार."

मेव्हणीला ठसका लागला. हिने तिच्या पाठीवर थोपटलं. माझ्या पाठीवर सहा डास होते, तिकडे कोणाचं लक्ष नाही. गाडी मी चालवली, तंबू मी ठोकला. कोणी एक बटाटा सोलला असेल तर शपथ. १९१० साली याच नदीतून डायनासोरची हाडं शोधणारा बार्नम ब्राउन १२ बाय ३० फुटांच्या सपाट होडीवर तंबू आणि चूल मांडून वाहत गेला. डास त्यालाही चावले, पण होडीवर सासुरवाडी नव्हती. सगळं न्यूयॉर्कच्या म्युझियमच्या खर्चाने, वर जगभर नाव. आमचं नाव निघालं ते खळीवरून.

बाबांचं डोकं तोवर नदीत शिरलं होतं. "म्हणजे आपण नदीत अस्थी सोडतो आणि ही मंडळी नदीकाठच्या अस्थी होडीत भरून नेतात?"

"हो. स्टर्नबर्गही १९१२ मध्ये मुलांना घेऊन याच नदीकाठी आला. त्याने काढलेली हाडं लंडनला निघाली होती, पण डिसेंबर १९१६ मध्ये जर्मनांनी 'माउंट टेंपल' बोटच अटलांटिकमध्ये बुडवली."

बाबांनी हात जोडले. "झालं ना शेवटी विसर्जन!" आणि ताटली पुढे केली. "वाढा अजून थोडी. खळ."

दोनदा घेतला. भांडी अर्थात मीच घासली, बर्फासारख्या पाण्यात. पातेल्याच्या बुडाशी बसलेला भात काही केल्या सुटेना. स्टर्नबर्ग थापा मारत नव्हता.